‘ओसरी’तला दुसरा पाट

हजार माणसांचा स्वयंपाक सोपा असतो, अवघड असतो तो दहा माणसांचा. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा हसतो. पण कंपनीच्या कँटीनमध्ये ज्यानं उभी हयात घालवली त्याला विचारा. मोठ्या पातेल्यात मूठभर तिखट इकडेतिकडे झालं तर अन्नच सांभाळून घेतं. छोट्या कढईत चिमूटभर मीठ जास्त पडलं की सगळ्या जगाला कळतं.

चाकणच्या एका कंपनीत मी ठेकेदाराच्या हाताखाली स्वयंपाक करायचे. लोकांना वाटतं कँटीनचं काम म्हणजे चुलीपुढचं काम. तसं नाही, ते घड्याळापुढचं काम आहे. जेवणाची सुट्टी झाली की लोंढा यायचा, कप्प्यांच्या थाळ्या पुढे सरकायच्या आणि पहिली पंगत बसते न बसते तोच दुसरी दारात उभी. माझ्या तोंडी एकच मंत्र असायचा, ‘‘चला, आटपा, उठा.’’ जेवणाऱ्याला पानावरून उठवू नये, असं माझी आई सांगायची. मी जन्मभर नेमकं तेच करून पोट भरलं.

पुढे ठेकेदार बदलला. नव्यानं आपली माणसं आणली आणि मी घरी बसले. नवरा आधीच गेला होता, मुलींची लग्नं झाली होती, आणि रिकाम्या घरात एका माणसाचा स्वयंपाक करताना मला अक्षरशः रडू यायचं. एका माणसाला किती आमटी लागते, हेच मला ठाऊक नव्हतं.

अशात एक दिवस निलेश आला. आमच्याच बिल्डिंगमध्ये वाढलेला मुलगा, माझ्याच कंपनीत क्वालिटीला होता. कँटीनमध्ये सगळे निमूट जेवायचे, हा एकटा खिडकीशी येऊन सांगायचा, ‘‘मावशी, आज आमटीला हिंग नाही.’’ आणि खरंच नसायचा. असल्या माणसाचा राग येतो, पण विसरही पडत नाही.

तो म्हणाला, ‘‘मावशी, नोकरी सोडतोय. तळवड्यात जेवणाचं छोटं हॉटेल काढतोय. स्वयंपाक तुम्ही करायचा. पण आधी एक सांगायचंय, मग हो-नाही म्हणा.’’

मी चहा गाळत होते.

‘‘दत्ता आणि मी एकत्र राहतो. मित्र म्हणून नाही.’’

मी गाळणं हातातच धरून विचारलं, ‘‘म्हणजे नवरा-बायकोसारखं?’’

‘‘हो.’’

‘‘भांडता का?’’

‘‘रोज.’’

‘‘मग खरं असेल,’’ मी म्हटलं आणि चहा दिला. मला सगळं लगेच उमगलं असं मी म्हणणार नाही. रात्रभर डोक्यात काहीबाही येत होतं. पण या मुलाची आई आजारी असताना त्यानं तिचं कसं केलं ते मी पाहिलं होतं. माणूस ओळखायला मला तेवढं पुरलं.

हॉटेलचं नाव ‘ओसरी’. टायरवाल्यानं सोडलेला गाळा होता, आयटी पार्कच्या मागच्या रस्त्याला. पुढे पत्र्याची पडवी होती, तिथं बैठी टेबलं मांडली, म्हणून ओसरी. निलेशचं म्हणणं असं की ओसरीवर बसायला कुणाची ओळख लागत नाही. दारावर त्यानं सात रंगांची पट्टी लावली आणि खाली लिहिलं, ‘इथं सगळ्यांचं स्वागत आहे’. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आत येऊन डिस्टेंपरचा डबा मागायला लागले. दत्तानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, मासवडीचं ताट पुढं ठेवलं. रंग न घेता माणूस जेवून गेला आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन आला.

हा दत्ता म्हणजे ओसरीचं तोंड होतं. लातूरकडचा, काळासावळा, हसला की सगळे दात दिसायचे. निलेश बाजारहाट बघायचा, हिशेब बघायचा, माझ्या आमटीत हिंग बघायचा. पण माणसं यायची ती दत्तासाठी. दोघांपैकी एक जरी उठला असता तर ओसरी बसली असती, हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. बैलगाडीचं एक चाक काढून बघायची गरज नसते.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. हात कँटीनचा. मी भलंमोठं पातेलं भरून आमटी केली आणि गिऱ्हाईक आलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. दत्ता पातेल्यात डोकावून म्हणाला, ‘‘मावशे, ही आमटी हाय का इंद्रायणी?’’ दुसरी सवय मोडायला त्याहून वेळ लागला. कुणी जेवत बसलं की मी आपली ताटावर नजर ठेवून उभी. एकदा तोंडातून ‘चला, आटपा’ निघालंसुद्धा. निलेशनं मला बाजूला घेतलं. ‘‘मावशी, इथं येणाऱ्यांना सगळीकडून उठवलेलं असतं. आपण नको उठवायला. आपण म्हणायचं, सावकाश होऊ द्या.’’

‘सावकाश होऊ द्या’ हे घरोघर म्हणतात. माझ्या तोंडी ते म्हातारपणी आलं.

कोण कोण यायचं? आयटीतली पोरं-पोरी यायची, पट्टीचा अर्थ त्यांना आधीच कळलेला असायचा. कुरुळीहून दोन मुली यायच्या, गाड्यांच्या वायरी गुंफायच्या कंपनीत कामाला होत्या. एका खोलीत राहायच्या, घरमालकिणीला मावसबहिणी म्हणून सांगितलेलं. कोपऱ्यातल्या टेबलावर एकमेकींच्या ताटातलं खात बसायच्या, त्याहून जास्त काही नाही. पण जगात तेवढंही करायला जागा लागते. एक रिटायर झालेले फिटर काका यायचे, ते नेहमी भिंतीकडे तोंड करून बसायचे, कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून. वर्ष होत आलं तेव्हा एकदा ते रस्त्याकडे तोंड करून बसले. मी त्यांना न मागता भातावर तूप वाढलं.

आणि मधू. ती तृतीयपंथी, हायवेच्या सिग्नलवर मागायची. पहिल्यांदा आली ती पायरीच्या खालीच थांबली. ‘‘मावशी, पार्सल द्या ना, मी बाहेरच थांबते.’’

मी म्हटलं, ‘‘भाकरी गरम आहे, पार्सलमध्ये मऊ पडेल. आत बस.’’

‘‘गिऱ्हाईक उठून जाईल तुमचं.’’

‘‘जाईल तर जाईल. तू बस.’’

खरंच एक कुटुंब उठून गेलं. मधू अर्ध्या ताटावरून उठायला लागली तेव्हा दत्तानं तिच्या पुढ्यात दुसरी भाकरी टाकली. ‘‘मधूताई, अन्नाचा अपमान करू नको. लई मेहनतीनं थापलीय मावशीनं.’’ ती जेवली. पदरानं तोंड पुसत म्हणाली की हॉटेलात बसून जेवायची तिची पहिलीच वेळ. मी आत जाऊन उगीचच कढई घासत बसले.

गोंधळ झाले नाहीत असं नाही. एकदा काही टगे मोबाइल उगारून आत शिरले. ‘‘दाखवा राव, इथं कसली माणसं येतात ते!’’ कुरुळीच्या मुलींनी ओढणीत तोंडं लपवली. मी झारा घेऊन पुढे झाले, पण माझी पाळी आलीच नाही. आमचे गाळामालक अप्पा, मूळचे तळवड्याचे, ते नेमके तेव्हा मासवडी खात होते. त्यांनी मान वर केली. ‘‘ए पोरा, मी जेवतोय आन तू माझं शूटिंग घेतोस व्हय रं? कुनाचा हायस तू? बापाचं नाव सांग.’’ गावात बापाचं नाव विचारलं की भल्याभल्यांचे मोबाइल खिशात जातात. ते गेल्यावर अप्पा मला म्हणाले, ‘‘कोन कुनासंगं ऱ्हातंय ह्याच्याशी मला काय न्हाई करायचं. आमी जेवाय येतो. रस्सा वाढ.’’

पण त्यांनी तोवर काढलेला व्हिडिओ फिरलाच, आणि कुटुंबं यायची कमी झाली. तेव्हा दत्ताला केळवणाची कल्पना सुचली.

नव्या पिढीसाठी सांगते. लग्न ठरलं की लग्नाआधी जवळचे नातेवाईक, शेजारी नवऱ्या मुलाला नाहीतर मुलीला जेवायला बोलावतात, गोडधोड करतात, ओवाळतात, आहेर देतात, त्याला केळवण म्हणतात. पूर्वी हे घरी व्हायचं. आता वन-बीएचकेमध्ये पाट मांडायला जागा कुठली, म्हणून लोक हॉटेलात करतात, बहुधा नवरा-नवरीचं एकत्रच. आमची ओसरी त्याला अगदी योग्य होती. दोन पाट शेजारी शेजारी, पुढे केळीची पानं, भोवती रांगोळी, मधे समई. रांगोळी दत्ता काढायचा, असा सुबक हात मी बायकांतही पाहिला नाही. फोटो फिरले आणि आसपासच्या सोसायट्यांमधल्या त्याच बायका, ज्यांनी आधी नाकं मुरडली होती, त्या तारखा धरायला लागल्या.

एकीनं बुकिंग करताना विचारलं, ‘‘स्वयंपाक कोण करतं? आडनाव काय त्यांचं?’’ मी दाराआडच होते. आम्ही बौद्ध. हा प्रश्न मला नवा नव्हता, कँटीनमध्येही आला होता, तिथं ठेकेदारानं ‘आपल्या मावशी आहेत हो’ म्हणत वेळ मारून नेली होती. निलेशनं वेळ मारून नेली नाही. त्यानं माझं नाव-आडनाव स्वच्छ सांगितलं आणि म्हणाला, ‘‘चालत असेल तर तारीख लिहितो.’’ बाईंनी जरा थांबून तारीख दिली. त्या दिवसापासून हे हॉटेल मी माझंही समजायला लागले.

मग दत्ताला गावाकडून फोन यायला लागले. धाकट्या बहिणीचं जमत नव्हतं, कारण थोरला बिनलग्नाचा. पाहुणे विचारत होते, पोरात काही खोट आहे का. बापानं अन्न सोडल्याचा निरोप आला. एके दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दोघांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. लपून ऐकायचा प्रश्नच नव्हता, एका कढईच्या अंतरावर मी कांदा चिरत होते.

‘‘एकदा सांगून तर बघ त्यांना,’’ निलेश म्हणाला.

‘‘सांगितलं तर बा मरंल.’’

‘‘कुणी मरत नसतं, दत्ता. माझे नाही मेले.’’

‘‘तुझे बोलत न्हाईत तुला. ते मेल्यावानीच हाय की.’’

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, ‘‘आणि जिच्याशी लग्न करणार त्या पोरीचं काय? तिनं कुणाचं काय घोडं मारलंय?’’

दत्तानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचं नव्हतं आणि मला त्याची कीव करवली नाही. आजही करवत नाही आणि रागही धरवत नाही, हे माझं दुखणं आहे.

गावाकडच्या एका स्थळाला त्यानं होकार कळवला. लग्नानंतर तिकडेच राहायचं, होणाऱ्या मेव्हण्याच्या दुकानात बसायचं, असं ठरलं. मी निलेशला विचारलं, आता काय? तो म्हणाला, ‘‘आता केळवण. त्याचं केळवण मी करणार, इथंच.’’

‘‘वेडा आहेस का?’’

‘‘केळवण जवळचे लोक करतात ना, मावशी? मग त्याला माझ्याइतकं जवळचं कोण आहे?’’

मी धपाट्यांचं पीठ काढलं. दत्ताला पुरणपोळीपेक्षा धपाटे प्रिय होते, शेंगदाण्याच्या चटणीशी.

सोमवारी ओसरी बंद असायची. त्या सोमवारी दुपारी दत्ताचे आई-वडील आले. वडील शिडशिडीत, पांढरी टोपी, खुर्चीवर टेकले ते शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आई बोलकी, दत्ताचं हसू तिचंच. तिला निलेश ठाऊक होता तो मुलाचा धंद्यातला भागीदार म्हणून. ‘‘तुमी हिथं संबाळलात म्हणून आमचं पोरगं शहरात टिकलं,’’ असं म्हणून तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. रांगोळी त्या दिवशी निलेशनं काढली. वाकडी आली होती. दत्तानं ती पाहिली आणि तोंड फिरवलं.

मी सवयीनं दोन पाट मांडले होते. केळवण म्हटलं की माझा हात दोनच मांडायचा. नवरीकडचं कुणी येणार नव्हतं, हे नंतर लक्षात आलं आणि मी दुसरा पाट उचलायला गेले.

दत्ताची आई म्हणाली, ‘‘कशाला उचललालाव, बाई? ऱ्हाऊ द्या की. बाजूचा पाट रिकामा ठिवू नये, जेवण अंगी लागत न्हाई म्हनतेत आमच्यात. निलेश, तू बस बाबा.’’

निलेश जागचा हलेना. ‘‘मी वाढतो ना, आई.’’

‘‘वाढाय ह्या हायेत की. बस म्हनते ना. भावावानी ऱ्हायलात, भावावानी जेवा.’’

तिनंच त्याचं मनगट धरून त्याला बसवलं. मग ताम्हण घेतलं. आधी दत्ताला कुंकू लावलं, मग निलेशला. दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. सुपारी आणि अंगठी दोघांवरून एकदमच फिरवली, दिवा दोघांवरून एकदमच ओवाळला, आणि म्हणाली, ‘‘सुकी ऱ्हावा दोघंबी. एकमेकाला इसरू नगा.’’

तिला काही माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर निव्वळ माया होती, त्याखाली दुसरं काहीही नव्हतं. जगात त्या दोघांना एकत्र पाटावर बसवून ओवाळणारं एकच माणूस निघालं, आणि त्याला आपण काय करतोय याचा पत्ता नव्हता. मी पापड तळायच्या निमित्तानं आत पळाले. पापड जळले, मी रडले, दोन्ही झालं. बाहेर आले तेव्हा दत्ता पानाकडे बघत बसला होता, घास उचलत नव्हता. निलेश मात्र जेवत होता. एकेक पदार्थ, पान पुसून. शेवटी त्यानंच दत्ताला हळूच म्हटलं, ‘‘सावकाश होऊ दे.’’

दत्ताच्या लग्नाला आम्ही कुणी गेलो नाही.

ओसरी त्यानंतर काही महिने चालली. चालली म्हणजे दार उघडायचं. निलेश गिऱ्हाइकाशी नीट बोलायचा, पण पाणी ठेवायला विसरायचा. एकदा मी मुद्दाम आमटीत हिंग घातला नाही. तो जेवला आणि काही बोलला नाही. त्या दिवशी मला कळलं की आता हे संपलं. भाडेकरार संपला तेव्हा अप्पा स्वतः आले. ‘‘आरं, कशापाई बंद करतो? आमी मासवडी कुठं खायाची?’’ निलेश नुसता हसला. दारावरची पट्टी सोलून काढताना तिच्या मागचा रंगही निघून आला.

शेवटच्या दिवशी मधू आली. फिटर काका, कुरुळीच्या मुली, सगळे आले. मी कँटीनएवढं पातेलं चढवलं आणि या वेळी ते पुरलं. जाताना मधूनं पायरीवर थांबून विचारलं, ‘‘मावशी, आता बसून कुठं जेवायचं?’’ मी म्हटलं, माझ्या घरी ये. ती येते अधूनमधून. पण एका म्हातारीचं स्वयंपाकघर म्हणजे ओसरी नव्हे, हे तिलाही कळतं आणि मलाही. ते काका पुन्हा दिसले नाहीत. कुठं जेवत असतील, कुठल्या भिंतीकडे तोंड करून, असं जेवताना मनात येतं.

निलेशनं दूर दक्षिणेत नोकरी धरली. सणावाराला फोन करतो. मी विचारते, जेवलास का. तो म्हणतो, जेवलो. गाळ्यात आता कुरिअरचं गोदाम आहे.

परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. दत्ताची आई होती. माझा नंबर तिनं केळवणाच्या दिवशी घेतला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, ‘‘बाई, एक इचारायचं हुतं. ते धपाटे तुमी कसे करत हुता? सुनंनं करून बगितले, मीबी केले. पोरगं पानावर बसतंय अन् तसंच उठलालंय. लई वाळलंय बगा. काईच अंगी लागंना झालंय.’’

मी विचारलं, ‘‘आणि सून कशी आहे?’’

‘‘गुणाची हाय. पर गपच असती. दोघंबी गप.’’

‘‘जेवताना त्याच्या शेजारी कोण बसतं?’’

‘‘कोन बसंल? येकलाच बसतो की. सून मागनं जेवती.’’

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण फोनच्या पलीकडे एक आई होती, तिचा एक नवरा होता, एक परकी पोर होती, आणि बोलायचं होतं ते दत्तानं, मी नव्हे. मी काकडी किती, लसूण किती, तीळ कधी घालायचे, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पीठ जरा सैल भिजवा म्हटलं. तवा चांगला तापू द्या म्हटलं. ती एकेक गोष्ट पुन्हा म्हणून घोकत होती. बाजूच्या पाटाचं मला तिनंच सांगितलं होतं. त्याची तेवढी आठवण मी तिला करून दिली नाही.